ड्राय फॉल्स : हिमयुगातील महापुराने कोरलेल्या दरीची सफर कशी आखावी

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याची ओळख सिएटलचा पाऊस आणि सूचिपर्णी वृक्षांची दाट हिरवाई यांवरून होत असली, तरी कॅस्केड पर्वतरांग ओलांडून पूर्वेला उतरले की हे राज्य पूर्णपणे पालटते. ढग डोंगराच्या पश्चिम अंगालाच रिते होतात आणि पलीकडच्या काही भागांत वर्षाकाठी जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर पाऊस पडतो. करड्या सेजब्रशची झुडपे आणि काळा कातळ यांच्या या ओसाड मुलखात ग्रँड कूली नावाची एक प्रचंड कोरडी दरी आहे. तिच्या मध्यावर, साडेतीन मैल म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर रुंद आणि सुमारे १२० मीटर उंच असा एक धबधबा उभा आहे, मात्र त्यावर पाण्याचा थेंबही नाही. या ड्राय फॉल्सच्या भोवतीच्या प्रदेशाला सन लेक्स-ड्राय फॉल्स राज्य उद्यान असे नाव आहे.

येथे येणारे बहुतेक लोक महामार्गालगतच्या निरीक्षणस्थळी गाडी थांबवतात, कठड्याशी उभे राहून छायाचित्रे काढतात आणि पाव तासात ग्रँड कूली धरणाच्या दिशेने निघून जातात. माझ्या मते ही या जागेची सर्वांत वाईट भेट होय. ड्राय फॉल्स वरून पाहिल्यावर भव्य वाटतो खरा, पण तो समजतो तो दक्षिणेकडून दरीच्या तळातून त्याच्याकडे जात गेल्यावर, कारण हा धबधबा स्वतःच दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येथवर आलेला आहे. म्हणून पुढील सगळी आखणी या एका गोष्टीभोवती केलेली आहे: शक्य असेल तर सोप लेक गावाकडून दरीत शिरावे, उत्तरेकडे जावे, एक रात्र मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धबधब्याच्या पायथ्याशी चालत जावे.

निघण्यापूर्वी: येथे नेमके काय घडले

थोडी भूविज्ञानाची उजळणी करून गेल्यास प्रवासाची गोडी कितीतरी वाढते, त्यामुळे हा भाग वगळून थेट पासाच्या माहितीकडे जाण्याचा मोह आवरावा.

दरीच्या भिंतींमधला काळा कातळ हा बेसाल्ट आहे. सुमारे १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीपासून जमिनीतील लांबच लांब भेगांमधून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत त्याने हे पठार घडवले. सह्याद्रीचा कातळही असाच भेगांमधून आलेल्या लाव्हाचा असल्यामुळे मराठी डोळ्यांना या कड्यांचे आडवे थर लगेच ओळखीचे वाटतात. दख्खनचा लाव्हा मात्र खूपच जुना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

कातळ तयार झाल्यानंतरची मोठी घडामोड शेवटच्या हिमयुगाच्या उत्तरार्धात, ढोबळमानाने १८ हजार ते १५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात घडली. कॅनडाकडून दक्षिणेला सरकलेल्या हिमस्तराची एक जीभ आजच्या आयडाहो राज्याच्या उत्तर भागात क्लार्क फोर्क नदीच्या खोऱ्यात आडवी आली आणि सुमारे ६०० मीटर उंचीचे बर्फाचे धरण तयार झाले. त्यामागे मोंटाना राज्यातील दऱ्यांमध्ये मिसूला नावाचे हिमनदीय सरोवर तुंबले. त्यात सुमारे दोन हजार घनकिलोमीटर पाणी होते, म्हणजे आजच्या ईरी आणि ऑन्टॅरिओ या दोन महासरोवरांच्या एकत्रित साठ्याइतके. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे पाणी पुरेसे खोल झाल्यावर अशा धरणाला टिकाव धरता येत नाही. धरण फुटले, सरोवर काही दिवसांत रिकामे झाले आणि हे सारे पाणी वॉशिंग्टनच्या पूर्व पठारावरून पॅसिफिक महासागराकडे धावले. त्यानंतर हिमनदी पुन्हा पुढे सरकली, पुन्हा धरण बांधले गेले, पुन्हा फुटले, आणि असे पूर डझनावारी वेळा आले.

या पुरांचे पाणी ग्रँड कूलीत का शिरले, याचेही उत्तर बर्फातच आहे. बर्फाची ओकानोगन नावाची दुसरी जीभ कोलंबिया नदीच्या नेहमीच्या पात्रावर येऊन बसली होती, त्यामुळे पाण्याला पठारावरूनच वाट काढावी लागली. सोप लेकच्या परिसरात, जेथे बेसाल्टचे थर वाकून खाली उतरतात, तेथे पाण्याला उतार मिळाला आणि धबधबा सुरू झाला. पुराच्या ओढीने कड्याचे खांब एकामागून एक उपटून काढले आणि धबधब्याची कड मागे मागे सरकत सुमारे २५ ते ३० किलोमीटर उत्तरेला गेली. पूर थांबले तेव्हा ती जेथे होती, तोच आजचा ड्राय फॉल्स. पूर भरात असताना धबधब्याच्या कडेवरून सुमारे ९० मीटर खोलीचे पाणी वाहत असावे असा अंदाज आहे, त्यामुळे तेव्हा कोणी पाहणारा असता तर त्याला नायगारासारखी उडी दिसण्याऐवजी खवळलेल्या पाण्याला पडलेली एक मोठी घडी तेवढी दिसली असती.

ही उपपत्ती प्रथम मांडणारे जे हार्लन ब्रेट्झ एकेकाळी सिएटलच्या फ्रँकलिन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि पुढे शिकागो विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्यांनी १९२३ मध्ये या प्रदेशावर लेख प्रसिद्ध केला आणि एवढे मोठे कोरीवकाम महापुराचेच असले पाहिजे असे म्हटले. भूरूपे संथ गतीने घडतात या सिद्धांतावर पोसलेल्या तत्कालीन भूवैज्ञानिकांना हे पटणे अवघड होते, आणि १९२७ मध्ये वॉशिंग्टन डी.सी. येथील सभेत त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. एवढे पाणी आले कोठून, या प्रश्नाचे पक्के उत्तर तेव्हा ब्रेट्झ यांच्यापाशी नव्हते. जोसेफ पार्डी या भूवैज्ञानिकाने १९१० मध्येच मिसूला सरोवराविषयी लिहिले होते. पुढे १९४० च्या सुमारास त्यांनीच मोंटानामधील कॅमस प्रेअरी येथे पाण्याच्या वेगवान प्रवाहाने उठवलेल्या, घरांहून उंच अशा लाटांच्या आकाराच्या खडीच्या वरंब्यांचे वर्णन केले, आणि सरोवर झपाट्याने रिकामे झाल्याचा पुरावा त्यातून मिळाला. ब्रेट्झ यांना अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचे पेनरोज पदक १९७९ मध्ये मिळाले, तेव्हा त्यांचे वय ९६ वर्षांचे होते.

हंगाम कोणता निवडावा

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. दिवस चालण्याजोगे असतात, बाल्समरूटची सूर्यफुलासारखी पिवळी फुले उतारांवर फुललेली असतात आणि तळ्यांवर पक्षी पुष्कळ दिसतात. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा दुसरा पर्याय. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, कधी चाळिशीला टेकते, आणि काळा कातळ दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. याच महिन्यांत वणव्यांचा धूरही दरीत साचतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जायचे असल्यास मे महिना साधावा. आपल्याकडच्या उन्हाची सवय आहे, या भरवशावर ज्येष्ठांना भर जुलैत दुपारी तळात चालवू नये, कारण येथील हवा अतिशय कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो आणि शरीरातील पाणी कमी होत असल्याचे ध्यानातच येत नाही.

हिवाळ्यात कड्यांवर बर्फ आणि तळात गोठलेली तळी असे दृश्य देखणे असते. तथापि माहिती केंद्र तेव्हा सहसा बंद असते आणि सिएटलहून येताना घाटरस्त्यावर टायरच्या साखळ्या लागू शकतात.

पास, आरक्षण आणि शिधा

हे राज्य उद्यान असल्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास येथे चालत नाही. वॉशिंग्टन राज्याचा डिस्कव्हर पास लागतो. तो प्रत्येक गाडीमागे असतो, माणशी नसतो. एका दिवसाचा पास मूळ १० डॉलरचा असून ऑनलाइन किंवा दुकानातून घेताना वर थोडे शुल्क पडते. निरीक्षणस्थळ आणि तळातील उद्यान या दोन्ही ठिकाणी तोच पास चालतो, तेव्हा तो गाडीच्या पुढच्या काचेतून दिसेल असा ठेवावा. उद्यानाच्या छावणीत आरक्षण करून राहणाऱ्यांना मुक्कामाच्या काळात वेगळा पास लागत नाही. वर्षातील काही ठरावीक दिवशी प्रवेश मोफत असतो, परंतु त्या दिवशी गर्दीही तशीच असते.

तंबूच्या जागा नऊ महिने आधीपासून आरक्षित करता येतात. मे ते सप्टेंबरमधील शनिवार-रविवार लवकर भरतात, कारण उद्यानातील पार्क लेक या तळ्यावर पोहायला आणि होड्या चालवायला येणाऱ्यांना महापुराशी काही देणेघेणे नसते. तंबू नको असल्यास उद्यानाच्या आवारातच केबिन भाड्याने मिळतात, आणि कूली सिटी, सोप लेक, एफ्राटा या गावांत मोटेल आहेत.

खाण्यापिण्याचे सामान एफ्राटातच भरून घ्यावे, कारण त्यापुढे मोठे दुकान नाही आणि शाकाहारी माणसाला लहान गावांतील उपाहारगृहांत बटाट्याच्या तळलेल्या फोडींपलीकडे फारसे हाती लागत नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि सुकी चटणी हा शिधा दोन दिवस उत्तम टिकतो. लिंबू, मीठ आणि साखर बरोबर असल्यास सरबत हवे तेव्हा होते. इंधनाची टाकीही येथेच भरावी.

पहिला दिवस: दक्षिणेकडून दरीत शिरावे

सिएटल, बेलव्ह्यू किंवा रेडमंडहून निघाल्यास आय-९० महामार्गाने स्नोक्वाल्मी खिंड ओलांडून एलेन्सबर्गमार्गे व्हँटेजला यावे. तेथे पुलावरून कोलंबिया नदी पार केल्यावर जॉर्ज गावाजवळ १५१ क्रमांकाच्या फाट्याने बाहेर पडावे आणि २८१ व २८३ या राज्यमार्गांनी एफ्राटा गाठावे. तेथून २८ क्रमांकाच्या रस्त्याने सोप लेक आणि पुढे उत्तरेला १७ क्रमांकाचा राज्यमार्ग. थांबे धरून चार तास हाताशी ठेवावेत. अमेरिका-२ महामार्गाने स्टीव्हन्स खिंडीतून वेनाचीमार्गेही येता येते आणि तो रस्ता सुंदर आहे, पण तो आपल्याला थेट धबधब्याच्या माथ्यावर आणून सोडतो. तो परतीसाठी राखून ठेवावा. स्पोकेनकडून येणारे मात्र अमेरिका-२ ने आधी कूली सिटीला पोहोचतात. त्यांनी पहिल्या दिवशी सरळ सोप लेकपर्यंत खाली जाऊन मग उलट फिरावे. दीड-दोन तास अधिक जातील, तरी ते सत्कारणी लागतील.

सोप लेक हे क्षारयुक्त पाण्याचे तळे असून विसाव्या शतकाच्या आरंभी येथे त्वचारोग आणि सांधेदुखीवर उपचारासाठी रुग्ण येत असत. काठावर वाऱ्याने जमवलेला पांढरा फेस अनेकदा दिसतो. दरीतील तळ्यांच्या माळेतले हे सर्वांत खालचे तळे आहे आणि त्यातून पाणी बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे बाष्पीभवनाने क्षार येथे साठत गेले. एवढे पाहून पुढे निघावे, येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

सोप लेक सोडल्यावर रस्ता दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये शिरतो. ज्या वाटेने धबधबा मागे सरकला, त्याच वाटेने आता आपण चाललेलो असतो. उत्तरेला साधारण १५ किलोमीटरवर उजव्या हाताला लेनोर लेक गुहांची पाटी येते. येथे वाहनतळ आहे आणि पायऱ्यांची छोटी वाट वर जाते. तास-दीड तासात सगळे पाहून होते. या गुहा म्हणजे पुराने कड्यातून बेसाल्ट उपटून काढल्यावर राहिलेल्या खोल कपारी होत. पुरांनंतरच्या काळातील माणसांनी त्यांचा आसरा म्हणून वापर केला.

बेसाल्ट जवळून पाहण्यासाठी ही जागा उत्तम आहे, म्हणून येथे घाई करू नये. कड्याचा एकेक थर निरखला तर त्याच्या खालच्या भागात जाड, सरळ, पाच-सहा बाजूंचे खांब उभे दिसतात, तर वरच्या भागात हेच खांब बारीक होऊन वाकडेतिकडे झालेले असतात. लाव्हा निवताना आकुंचन पावतो आणि त्याला भेगा पडतात. खालून सावकाश निवलेल्या भागातील भेगा नीटस उतरतात, तर वरून पाणी मुरून लवकर निवलेल्या भागात त्या अस्ताव्यस्त होतात. एखाद्या खांबाच्या सांध्यावर बोट फिरवले तर दोन खांबांमधील फट सहज लागते. याच फटींत पुराच्या पाण्याचा जोर शिरला आणि अख्खे खांब मुळासकट निघाले. घासून झिजवण्यापेक्षा उपटून काढणे हे पाण्याला कितीतरी लवकर साधते, म्हणूनच काही दिवसांच्या पुरांनाही अशी दरी कोरता आली.

गुहांपासून पुढे अल्कली लेक, ब्लू लेक आणि पार्क लेक अशी तळी ओळीने येतात. ब्लू लेकजवळच्या कड्यात १९३५ मध्ये काही पदभ्रमण करणाऱ्यांना एक विचित्र पोकळी सापडली. उथळ पाण्यात मरून पडलेल्या गेंड्याच्या शरीराभोवती दीड कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला आणि शरीराचा साचा तेवढा उरला, असे पुढील अभ्यासात निष्पन्न झाले. तेथवर जाणारी वाट निसरड्या घसाऱ्यावरून आणि उघड्या कड्यावरून जाते. सह्याद्रीत कातळारोहणाचा सराव असलेल्यांनीही दोर आणि माहितगार सोबत नसताना ती धरू नये, आणि मुले बरोबर असल्यास खालच्या रस्त्यावरूनच गोष्ट सांगून समाधान मानावे.

उद्यानाचे प्रवेशद्वार उजव्या हाताला येते. तेथे लगेच आत न वळता सरळ आणखी सुमारे दोन मैल चढून निरीक्षणस्थळी जावे. दुपार कलल्यानंतर तेथे पोहोचणे सर्वांत उत्तम, कारण आपण धबधब्याच्या पश्चिम कडेवर उभे असतो, सूर्य पाठीशी येतो आणि समोरच्या कड्यांच्या अर्धवर्तुळाकार कमानी एकेक करून उजळतात. सकाळी हेच दृश्य सूर्याच्या विरोधात पाहावे लागते आणि छायाचित्रात काळी पट्टी तेवढी उमटते. माहिती केंद्रातील नकाशे आणि तक्ते पाहून घ्यावेत. त्याच्या वेळा हंगामानुसार बदलतात. शेजारची दगडी छत्री १९३० च्या दशकात बेरोजगार तरुणांसाठी चालवलेल्या सरकारी योजनेतून, म्हणजे सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या मजुरांकडून बांधली गेली. कठडा सगळीकडे नाही. लहान मुलांचा हात येथे सोडू नये, आणि छायाचित्रासाठी कडेच्या सुट्या दगडावर पाय देणाऱ्या मोठ्यांनाही तेवढ्याच ठामपणे मागे ओढावे.

कड्याखाली दिसणारी हिरवट तळी म्हणजे कोसळत्या पाण्याने खणलेल्या डोहांचे अवशेष आहेत. नायगाराच्या अडीचपट उंच आणि कित्येक पट रुंद असलेल्या या कड्याच्या पायथ्याशी गाडी किंवा माणूस शोधून पाहावा. तो सापडेपर्यंत येथील आकारमानाचा अंदाज डोळ्यांना येत नाही.

दुसरा दिवस, सकाळ: धबधब्याच्या तळाशी

उन्हाळा असेल तर सहाला, वसंतात आठला चालायला सुरुवात करावी. प्रवेशद्वारातून आत शिरून पार्क लेकच्या काठाने डीप लेककडे जाणारा रस्ता धरावा आणि कँप डेलनीच्या बाजूला फुटणाऱ्या फाट्याने उमटिला रॉकच्या वाटेच्या सुरुवातीला यावे. ड्राय फॉल्स लेकपर्यंत गाडी नेता येते, तथापि शेवटचा पट्टा खडबडीत आणि कच्चा आहे. जमिनीपासून उंच नसलेली भाड्याची गाडी अलीकडेच ठेवून चालत जाणे शहाणपणाचे.

उमटिला रॉक हा दरीच्या मधोमध उभा राहिलेला कातळाचा एक लांब, अरुंद पडदा आहे. त्याच्या दोन्ही अंगांनी पूर वाहिला, दोन्हीकडच्या धबधब्याच्या कमानी मागे सरकल्या आणि मधली ही भिंत मात्र शिल्लक राहिली. तिला वळसा घालणारी वाट साधारण पाच मैलांची म्हणजे आठ किलोमीटरची आहे. चढ फारसा नाही, पण ठिकठिकाणी घसारा आणि सेजब्रशमधून फुटणाऱ्या ढोरवाटा आहेत, त्यामुळे तीन ते चार तास धरावेत. पश्चिम अंगाने ड्राय फॉल्स लेककडे गेल्यास आदल्या संध्याकाळी जेथे आपण उभे होतो, त्या कडेखालीच आपण येतो. वरची दगडी छत्री आता काडेपेटीएवढी दिसते. या तळ्यात ट्राउट माशांसाठी विशेष नियमांखाली मासेमारी चालते, त्यामुळे सकाळच्या शांततेत पाण्यावर तरंगणारे गळवाले दिसतील. त्यांच्याजवळून जाताना आवाज आटोक्यात ठेवावा.

तळात लहान-मोठे खळगे दिसले तर तेथे थांबावे. पुण्याहून निघोजला जाऊन कुकडी नदीचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना भोवऱ्यात फिरणाऱ्या पाण्याचे काम परिचयाचे असेल. येथील पुरात मात्र असे उभे भोवरे इतके ताकदवान होते की त्यांनी कातळाचे खांब वर खेचून काढले आणि तळ्यांएवढे खळगे मागे ठेवले. डीप लेकच्या परिसरात असे खळगे अधिक पाहायला मिळतात. ज्यांना लांब चालणे झेपत नाही त्यांनी गाडीने डीप लेकच्या काठी जाऊन बसावे. दोन उंच कड्यांमध्ये अडकलेले ते निळे, अरुंद तळे ही उद्यानातील माझी सर्वांत आवडती जागा आहे, आणि तेथे उमटिला रॉकपेक्षा सावलीही लवकर मिळते.

पाण्याबाबत तडजोड नको. उन्हाळ्यात या वाटेसाठी माणशी तीन लिटर पाणी घ्यावे. तळ्यांचे पाणी पिण्यायोग्य समजू नये. रुंद कडेची टोपी, घोट्याला आधार देणारे बूट आणि लांब विजार हवीच. तळात मोबाइलचा भरवसा धरू नये, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवावा आणि परतीची वेळ कोणाला तरी सांगून निघावे.

साप, गोचीड आणि तीन पानांची वेल

दरीत रॅटलस्नेक म्हणजे खुळखुळ्या साप आहेत. ते एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत वावरतात आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ अधिक दिसतात. दगडावर हात टेकण्याआधी किंवा पाय टाकण्याआधी पलीकडे पाहावे आणि कानांत संगीताची बोंडे घालून चालू नये. साप दिसला तर थांबावे, सावकाश मागे सरावे आणि त्याला वाट द्यावी. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, वर आवळपट्टी बांधणे किंवा बर्फ लावणे हे सगळे टाळावे. अंगठी, घड्याळ उतरवून माणसाला शांत बसवावे आणि ९११ वर फोन करावा. संपर्क नसेल तर एकाने मदतीसाठी जावे.

वसंत ऋतूत झुडपांमध्ये गोचीड असतात. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत आणि परतल्यावर मुलांच्या केसांत, काखेत, गुडघ्यामागे नीट तपासावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. ओलसर घसाऱ्यात तीन-तीन पानांच्या पुंजक्यांची पॉयझन आयव्ही वाढते, तिचा स्पर्श झाल्यास अंगावर खाज आणि फोड उठतात.

त्यामानाने सुखद सोबतही पुष्कळ आहे. खडकांवर उन्हाला बसलेले पिवळ्या पोटाचे मार्मोट (खारीच्या कुळातील जाडजूड प्राणी), कड्यांवरून सुसाट जाणाऱ्या पाकोळ्या आणि उतरत्या स्वरांत गाणारा कॅनियन रेन हे वसंतात हमखास भेटतात. रेन पक्षी सहसा दृष्टीस पडत नाही, त्याचा आवाज मात्र कड्यांत घुमून मूळ जागेचा पत्ता लागू देत नाही.

दगड, जीवाश्म किंवा प्राचीन वस्तू उचलण्यास मनाई आहे. हा मूळ रहिवासी जमातींचा पिढीजात प्रदेश असून त्यांचे वंशज आज कोलव्हिल संघटित जमातींमध्ये आहेत. ड्रोन उडवण्यासाठी आधी परवानगी लागते. वणव्याच्या हंगामात शेकोटीवर बंदी येते, तेव्हा स्वयंपाकासाठी गॅसची शेगडी जवळ असावी आणि तीही त्या दिवशी चालते का याची चौकशी करावी.

दुसरा दिवस, दुपार: वरची दरी

वेळ आणि उत्साह असल्यास जेवून उत्तरेला निघावे. कूली सिटीजवळ अमेरिका-२ महामार्ग एका बांधावरून जातो आणि तेथून पुढे वरच्या ग्रँड कूलीत बँक्स लेक पसरलेले आहे. हे मानवनिर्मित जलाशय असून कोलंबिया नदीचे पाणी पंपांनी उचलून यात साठवतात. म्हणजे हिमयुगात नदी ज्या वाटेने वळली होती, त्याच वाटेवर विसाव्या शतकात माणसाने तिचे पाणी पुन्हा आणले. हे पाणी ड्राय फॉल्सवरून मात्र पडत नाही. कूली सिटीजवळच्या बांधापासून ते कालव्याने वळवून दक्षिणेकडील लाखो एकर शेतीला दिले जाते.

वाटेत जलाशयात घुसलेला स्टीमबोट रॉक लागतो. सुमारे २५० मीटर उंचीचा हा सपाट माथ्याचा कातळ म्हणजे दोन्ही बाजूंनी पूर वाहून गेल्यावर मागे उरलेले बेट. माथ्यावर जाणारी वाट आरंभी खड्या घसाऱ्याची आहे आणि तिला दुपारची सावली नाही, त्यामुळे उमटिला रॉकच्या दिवशीच ती करणे बहुतेकांना जड जाते. मुक्काम एक दिवस वाढवता येत नसेल तर ती सोडून द्यावी. ग्रँड कूली धरण आणखी थोडे उत्तरेला आहे. १९३३ मध्ये सुरू होऊन १९४२ मध्ये पुरे झालेली ही काँक्रीटची भिंत सुमारे १६८ मीटर उंच आणि दीड किलोमीटरहून लांब आहे. उन्हाळ्यातील रात्री तिच्यावर लेझरचा खेळ होतो, तो पाहायचा असेल तर परतीचा प्रवास त्याच रात्री करण्याचा विचार सोडावा.

परतीचा रस्ता

सिएटलकडे परतताना अमेरिका-२ ने वॉटरव्हिलमार्गे गेल्यास गव्हाच्या शेतांमध्ये एकेकटे पडलेले, घराएवढे बेसाल्टचे धोंडे दिसतात. ते पुराने आणलेले नाहीत. ओकानोगन हिमजिभेने ते उचलून आणले आणि वितळताना जागेवर टाकले, आणि विथ्रो गावाजवळ तिने जेथवर मजल मारली तेथे गोट्यांची एक लांबलचक टेकडी अजून उभी आहे. आय-९० ने जायचे असल्यास १४३ क्रमांकाच्या फाट्यावर फ्रेंचमन कूली ही पुरानेच कोरलेली लहान दरी आणि गिर्यारोहकांनी गजबजलेले तिचे उभे खांब पाहता येतात, तर व्हँटेजला अश्मीभूत गिंको वृक्षांचे राज्य उद्यान आहे. दोन्ही रस्त्यांनी संध्याकाळी सूर्य समोरून डोळ्यांत येतो. व्हँटेजच्या पुलावर आडवा वाराही जोराचा असतो, तेव्हा छतावर सामान बांधले असल्यास दोर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत आणि शक्यतो तीनच्या आत दरी सोडावी.